चारपर्यंत लाइट नाही

गोवे गावच्या शिवारात पाच एचपीची मोटर बसवली,
स्टार्टरचं बटण दाबलं,
तर लाइटच नाही.
चारला येईल, वायरमन फोनवर म्हणाला.
मन्सूर म्हणाला, उस्ताद, तोवर बारामोट बघू.

बावीस वर्षं लिंब फाट्यावर माझं दुकान.
इकडच्या विहिरी मी कमरेला दोर बांधून
आतून बघितल्यात.
कुणाची कच्ची, कुणाची रिंग टाकलेली,
कुणाच्या कपारीत पारव्याची अंडी.
एकीच्या गाळात चांदीचं पैंजण निघालं,
मालकिणीच्या हातावर ठेवलं
तर ती काही न बोलता घरात गेली.

फक्त हीच राहिली.
गाड्या थांबवून लोक विचारायचे,
मी ग्रीसच्या हातानं रस्ता दाखवायचो.
कशी आहे हो? भारी आहे, म्हणायचो.
खोटं नव्हतं. बघितलेलंही नव्हतं.
तिथली मोटर कधी जळली नाही,
आणि बोलावल्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही
हा आपला धंद्याचा नियम.

जिना खाली जातो
आणि ऊन मागं राहतं,
कुत्रं दारात थांबतं तसं.
दोर नाही, कप्पी नाही,
विहिरीत आपल्या पायांनी चालत जायचं!
माझा हात उगाच दोनदा कमरेशी जाऊन आला.

भिंतीवर दगडाचं जनावर.
वाघ म्हणावा तर वाघ नाही.
शरभ, मन्सूर म्हणाला,
चौथीत असताना सहल आली होती त्याची.
मग तो पुढं, मी मागं.
आज तो उस्ताद आणि मी पोऱ्या.

विहिरीच्या पोटात महाल!
कोरीव खांब, बसायला ऐसपैस जागा.
इथं बसून मसलती चालायच्या म्हणे.
वर बारा मोटा,
चाकांची करकर, बैलांची घुंगरं,
थारोळ्यात पाण्याची भसाभस,
त्या गोंधळात कुणाला कुणाचं काय ऐकू जाणार?
की म्हणूनच इथं बसायचे?

थंड दगडाला पाठ लावून मी जरा बसलो.
लगेच वरून आवाज आला,
काका, थोडं बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय.
लग्नाआधीचे फोटो चालले होते.
नवरीचा घागरा दोन करवल्यांनी उचलून धरलेला,
नवरदेव घामानं डबडबलेला.
मी झालो बाजूला.

वर येऊन मोटांच्या जागा मोजल्या.
पंधरा.
उलट्या बाजूनं मोजल्या.
पंधराच.
सवयीनं खाली वाकून एक खडा उचलला,
टाकून आकडे मोजले की पाणी किती खोल ते कळतं,
पण समोर पाटी, कचरा टाकू नये.
खडा खिशात घातला.

बाहेर पेरू विकत बसलेल्या शेवंताबाईंना विचारलं,
नाव बाराचं आणि जागा पंधरा, हे कसं?
पेरूला मीठ चोळत त्या म्हणाल्या,
बारा चालायच्या, तीन थांबायच्या.
बैलाला दम नको व्हय?
खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

पेरू खाताना माझं लक्ष मन्सूरच्या हाताकडं गेलं.
अंगठ्याला वायरचा चट्टा, पावसाळ्यातला, अजून काळा.
या पोरानं ईदपासून सुट्टी मागितली नाही.
मी दिली नाही.

सव्वाचारला लाइट आली.
मोटर आधी घुमली, मग खाकरली,
मग पाइपातून गढूळ लोंढा,
मग नितळ.
मालक खूश. मन्सूर पान्हे पुसून पेटीत ठेवत होता,
मोठ्याखाली मोठा, मी शिकवलं तसं.

उद्या येऊ नकोस, मी म्हणालो.
त्याचा चेहराच उतरला.
काय चुकलं, उस्ताद?

मला नीट सांगता येईना.
पाइपाला ओंजळ लावून पाणी प्यायलो,
नव्या लोखंडाच्या चवीचं.
परवा ये, म्हणालो.